गाण्यालाही तास हवा

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह बसत नाही असे गाव या अकराही तालुक्यांत शोधूनच काढावे लागेल. सात दिवस पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि कीर्तनानंतर जागर. कीर्तनकार बाहेरगावचे असतात. त्यांच्या मागे टाळ घेऊन उभे राहणारे वीस-पंचवीस जण, पेटीवर बसणारा आणि पखवाज सांभाळणारा मात्र बहुधा गावातला किंवा शेजारच्या गावचा असतो. या टाळकऱ्यांत कॉलेजला जाणारी मुले हमखास दिसतात. दिवसा तालुक्याला जाऊन बी.कॉम.चे तास करणारा मुलगा रात्री दोन-अडीच तास उभ्याने टाळ वाजवतो. कीर्तनकाराने चाल बदलली की बदलतो, लय वाढवली की वाढवतो, आणि आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजावर चढू देत नाही. याला कोणी शिक्षण म्हणत नाही. पण समूहात गायचे कसे, याचा याहून चांगला धडा दुसरा नसेल.

हेच गाणे एकटे आहे असेही नाही. एप्रिल महिन्यात आंबेडकर जयंतीच्या मांडवात भीमगीतांचा जलसा उभा राहतो. तिथली ढोलकी आणि तिथले कोरस धरणारे पोरही कॉलेजातलेच असतात. उरुसाच्या रात्री दर्ग्याच्या अंगणात कव्वाली बसते. देवीच्या गावी, अंबाजोगाईसारख्या ठिकाणी, संबळ आणि तुणतुणे घेतलेल्या गोंधळ्यांची घराणी आहेत आणि त्या घरांतली तिसरी-चौथी पिढी आता पदवीला बसली आहे. म्हणजे कॉलेजच्या फाटकातून सकाळी जी मुले आत येतात, त्यांच्यापैकी कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या वाद्यवृंदाची मुरलेली सभासद असतात. कॉलेजला मात्र याची खबर नसते. प्रवेशअर्जावर छंदाचा एक रकाना असतो; त्यात ‘संगीत’ असे लिहिले जाते आणि तो अर्ज फायलीत जातो.

या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला संगीत शिकायचे तर आज काय वाटा आहेत? पहिली वाट पदवीची. जिल्ह्यातल्या मोजक्या महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत हा विषय घेता येतो. पुढे शिकायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा विभाग आहे, पण तो छत्रपती संभाजीनगरला. बीडहून सव्वाशे किलोमीटर, अंबाजोगाईहून दोनशेच्या पुढे. शिवाय ही वाट कला शाखेपुरतीच. विज्ञानाच्या किंवा वाणिज्य शाखेच्या मुलीचा गळा कितीही गोड असला, तरी तिच्यासाठी तिथे जागा नव्हती.

दुसरी वाट खासगी संगीत विद्यालयाची. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे घराण्याच्या ओसरीतून वर्गात आणले. त्यांच्यामागे त्यांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारद-अलंकारापर्यंत, आज तालुक्याच्या गावांतही दिल्या जातात. तालुक्यातल्या कितीतरी घरांत संध्याकाळी सरगम ऐकू येते ती या परीक्षांमुळे. गेल्या काही वर्षांत दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागले, तशी या वर्गांची गर्दीही वाढली. पण दहावीचा निकाल लागला, गुण पदरात पडले, की पेटीवर खोळ चढते ती चढतेच. अकरावीपासून ‘नीट’चा किंवा पोलीस भरतीचा क्लास सुरू होतो. सात-आठ वर्षे मेहनतीने तयार झालेला हात नेमक्या ज्या वयात पिकायचा, त्याच वयात थांबतो.

तिसरी वाट युवक महोत्सवाची, आणि सर्वाधिक विद्यार्थी चालतात ती हीच. आपल्या विद्यापीठाच्या केंद्रीय युवक महोत्सवात शास्त्रीय आणि सुगम गायन, समूहगान, पोवाडा, भारूड, जलसा, कव्वाली, गोंधळ, वासुदेव असे कितीतरी प्रकार असतात. ही यादी नुसती वाचली तरी मराठवाड्याचा आवाज कानात घुमतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतली मुले एका मैदानावर येतात, रात्र रात्र जागतात, एकमेकांच्या संघांना टाळ्या देतात. हा महोत्सव नसता तर कित्येकांना रंगमंच म्हणजे काय हे कळलेच नसते. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तरी त्याची मर्यादा ओळखायला हवी. आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या नियमाने समूहगानात सहा गायक आणि तीन साथीदार असतात आणि गाण्याला दहा मिनिटे मिळतात. महोत्सवाची तारीख लागली की कॉलेजात धावपळ सुरू होते. सांस्कृतिक विभागाचे प्राध्यापक ‘कोण गाते रे?’ असे वर्गावर्गात विचारत फिरतात. कुणी ओळखीचा तबलजी येतो, पंधरा दिवस तालीम होते, गाडी ठरते, संघ जातो आणि येतो. बक्षीस मिळाले तर नोटीसबोर्डावर फोटो लागतो. त्यानंतर पुढच्या वर्षीपर्यंत त्या नऊ जणांनी एकत्र बसावे असे कॉलेजात काहीच नसते. साडेतीनशे दिवस शांतता आणि दहा मिनिटांचे गाणे, असा हा हिशेब आहे. खेळाला मैदान असते, क्रीडा संचालक असतो, रोजचा सराव असतो. गाण्याला फक्त स्पर्धा असते.

याच मराठवाड्याच्या मातीत समूहगायनाचा विचार किती जुना आहे, याची आठवण या ठिकाणी करायला हवी. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. काम हिशेबाचे, अभ्यास संगीताचा. सिंघण राजाच्या काळात त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि उत्तरेतले व दक्षिणेतले संगीतकार आजही ज्या ग्रंथाला प्रमाण मानतात तो हा ग्रंथ. त्यात ‘वृंद’ म्हणजे काय, याचे मोजमाप दिले आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, त्यांना साथ देणारे आठ गायक, बारा गायिका, चार बासरीवाले आणि चार मृदंगवाले असावेत. एकूण बत्तीस. मध्यम वृंद याच्या निम्मा. वृंदातल्यांनी मुख्य गायकाच्या मागे कसे जावे, एकमेकांत कसे मिसळावे, कुणाचे उणे कुणी कसे झाकावे, याचाही विचार त्याने केला आहे. देवगिरीचा किल्ला आपल्या विद्यापीठाच्या शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. त्या किल्ल्याच्या सावलीत आठशे वर्षांपूर्वी बत्तीस जणांच्या वृंदाची कल्पना केली गेली, आणि आज जिल्ह्यातल्या कॉलेजांत नऊ जणांचा संघ पंधरा दिवसांपुरता जमवताना दमछाक होते.

कुणी म्हणेल, वृंद वगैरे राजदरबाराच्या गोष्टी. शिकणाऱ्या मुलांना एवढा वेळ कुठला? त्यासाठी जर्मनीतल्या लाइपझिग शहराकडे पाहावे. १७०२ च्या सुमारास तिथल्या विद्यापीठात टेलेमान नावाचा एक तरुण कायदा शिकायला आला होता. त्याने बरोबरच्या विद्यार्थ्यांना गोळा करून एक वाद्यवृंद उभा केला. पुढे तो वृंद शहरातल्या एका कॉफीगृहात नेमाने वाजवू लागला आणि १७२९ मध्ये त्याची सूत्रे योहान सेबास्टियन बाख यांच्यासारख्या श्रेष्ठ संगीतकाराकडे आली. तिथे वाजवणाऱ्या सगळ्यांनी काही संगीताचा पेशा धरला नाही. विद्यापीठ म्हटले की वाद्यवृंद आलाच, ही रीत पाश्चात्त्य देशांत अशा मंडळांतून रुजली. आपल्याकडेही १९१८ च्या सुमारास उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मध्य भारतातल्या मैहर गावी साथीच्या रोगात पोरकी झालेली मुले जमवली आणि त्यांचा वाद्यवृंद तयार केला. घरात कसलीही संगीताची परंपरा नसलेली ती मुले रोज एकत्र बसून शिकली. वृंदाला प्रतिभावंतच लागतात असे नाही. नेमाने एकत्र बसण्याची सोय लागते, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

एकत्र गाण्यात केवढे बळ असते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. १९३८ मध्ये निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या कॉलेजातही ती ठिणगी पडली. या मुलांना शेवटी नागपूर विद्यापीठाने आधार दिला. ज्या स्वामी रामानंद तीर्थांनी पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व केले, ते त्याआधी अंबाजोगाईला योगेश्वरीच्या शाळेत मुले शिकवत होते. मराठवाड्यातल्या विद्यार्थी चळवळीच्या आरंभीच एक समूहगान आहे, हे आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

हे सारे सांगण्याचे कारण केवळ संगीतप्रेम नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्याचे नाव राज्यभर ज्या कारणांनी घेतले गेले, त्यांनी कुणालाही खाली पाहावे लागावे. आडनाव विचारून मग बोलायचे की नाही ते ठरवण्याची सवय कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत पोहोचली आहे. अशा वेळी गाण्याकडे पाहिले तर एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. सप्ताहाचा पखवाज, जलशाची ढोलकी, कव्वालीचा तबला आणि गोंधळाचे संबळ ही सगळी वाद्ये एकाच तालुक्यात, कधी कधी एकाच गावात वाजतात. पण ती एकमेकांना भेटत नाहीत. प्रत्येकाचा मांडव वेगळा, दिवस वेगळा, ऐकणारेही वेगळे. या चारही मांडवांतली मुले रोज ज्या एका जागी एकत्र येतात ती जागा म्हणजे कॉलेज. भेट व्हायची तर तिथेच होईल.

आणि ती भेट वाटते तेवढी अवघड नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. ढोलकीवर जो केरवा वाजतो तोही आठ मात्रांचा. कव्वालीचा ठेकाही बहुधा आठच मात्रांचा. मात्रा त्याच, वजन कुठे पडते, कुठली मात्रा मोकळी सोडायची, टाळी कधी घ्यायची, यात सगळा फरक. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात आणि तिचा गंभीर घुमारा येतो. ढोलकीची शाई पुडी चढी आणि खणखणीत. संबळ वाजवताना एक काठी सरळ आणि एक आकडी का असते, हे गोंधळ्याच्या पोराने वर्गात दाखवावे आणि टाळकऱ्याच्या पोराने ते हातात घेऊन पाहावे. त्या अर्ध्या तासात एकमेकांविषयी जे कळेल ते सलोख्यावरच्या दहा व्याख्यानांतून कळणार नाही. शिवाय गाताना दुसऱ्याचे ऐकावेच लागते. ऐकले नाही तर सम चुकते, आणि सम चुकली की ती कुणाची चुकली हे सगळ्यांना कळते.

मुलींचा प्रश्न तर याहून निकडीचा आहे. शार्ङ्गदेवाच्या बत्तीस जणांत बारा गायिका होत्या. आपल्या गावच्या सप्ताहात अलीकडे स्त्री-कीर्तनकार येऊ लागल्या, ही आनंदाची गोष्ट. पण मागे टाळ धरून उभ्या राहणाऱ्यांत आणि विशेषतः पखवाजावर मुलगी दिसणे अजून विरळाच. रात्रीचा जागर, परगावचा कार्यक्रम, यायला-जायला वाहन नाही, अशी कारणे असतात आणि ती खोटीही नसतात. दुपारी बारा वाजता, कॉलेजच्या आवारात, वेळापत्रकात लावलेल्या तासाला मात्र कुठलाही बाप नको म्हणणार नाही. मुलामुलींनी एकत्र गायचे तर पट्टीचा प्रश्न येतो. मुलांचा आवाज काळी एक-दोनच्या आसपास मोकळा लागतो, मुलींचा काळी चार-पाचला. एका पट्टीत बसवले तर कुणाची तरी ओढाताण होते. मग चाल थोडी वळवावी लागते, काही ओळी मुलींना, काही मुलांना द्याव्या लागतात, कुठे खर्जाचा आधार धरावा लागतो. याला शिकवणारा लागतो आणि वेळ लागतो. पंधरा दिवसांच्या तालमीत हे होत नाही. म्हणून संघात एक तर मुलेच असतात किंवा मुलीच.

आता यासाठी दार उघडले आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचे वर्ग सुरू झाले. त्यात खुल्या निवडीच्या विषयांना जागा आहे, आणि सहअभ्यासक्रम म्हणून क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, सांस्कृतिक उपक्रम, प्रयोगकला यांनाही श्रेयांक आहेत. म्हणजे रसायनशास्त्राचा विद्यार्थीही आता गाण्याचे श्रेयांक मिळवू शकतो. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. दोन श्रेयांक धरले तर एका सत्रात साठ तास, पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार. मंगळवारी दोन तास आणि शुक्रवारी दोन तास. आजच्या पंधरा दिवसांच्या घाईशी तुलना केली तर ही केवढी मोठी शिदोरी आहे!

शिकवणार कोण, हा पुढचा प्रश्न. संगीताच्या पदवीधर प्राध्यापकांची पदे भरली जात नाहीत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला मिळणाऱ्या मानधनात घर चालत नाही, हे दुखणे जुने आहे आणि त्याला सरकारनेच औषध द्यायला हवे. पण तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये स्थानिक कलावंतांना ‘कलागुरू’ म्हणून उच्च शिक्षणसंस्थांशी जोडून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. या बाबतीत बीड जिल्हा गरीब नाही. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांनी वारकऱ्यांचा पखवाज देशाच्या मोठ्या मंचांवर नेला आणि १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती परंपरा पुढच्या पिढीतही वाजती आहे. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिच्या पहिल्या मंडळींत बंकटस्वामी होते, ज्यांचे संस्थान बीडजवळ नेकनूरला आहे. त्या संस्थेत शिकून आलेले गायक आणि मृदंगवादक आज जिल्ह्याच्या गावागावांत आहेत. अंबाजोगाईला दर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात शास्त्रीय संगीताची सभा होते आणि लोक ती मन लावून ऐकतात. गुरू आहेत, श्रोते आहेत, शिष्यही आहेत. त्यांना एकत्र बसवणारा तास तेवढा नाही.

मात्र या दारातून आत काय जाते, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. आपल्याकडे कुठल्याही जिवंत गोष्टीची ‘नोट्स’ करण्याची कला मोठी आहे. ‘संगीताचे स्वरूप व महत्त्व’ असे एक पातळसे पुस्तक निघेल, त्यावर पर्यायी प्रश्नांची परीक्षा होईल, आणि एकदाही सा न लावता श्रेयांक वहीत जमा होतील. किंवा सप्ताहात टाळ वाजवल्याचा दाखला सरपंचाकडून आणला की काम भागेल. असे झाले तर नसता श्रेयांक बरा. परीक्षा घ्यायची तर ती वृंदाची घ्यावी. सत्राच्या शेवटी कॉलेजच्या अंगणात, गावकऱ्यांना बोलावून, सगळ्या वर्गाने मिळून एक तास गावे आणि वाजवावे. त्यात प्रत्येक मांडवातले एक तरी गाणे असावे, आणि ते त्या मांडवाबाहेरच्या मुलाने म्हटलेले असावे. कोण किती शिकले ते ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे कळेल.

हा जिल्हा ऊसतोड कामगारांचा आहे, हेही विसरता येत नाही. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मागे राहिलेल्या मुलांवर धाकटी भावंडे, म्हातारी माणसे आणि गोठा पडतो. त्यांना संध्याकाळची तालीम परवडत नाही. शेवटची एसटी चुकली तर घरी जायची सोय नाही. म्हणूनच गाणे वेळापत्रकाच्या आत हवे. अशा घरातला बाप विचारेल, की यातून नोकरी लागेल का? सरळ उत्तर द्यावे, की लागणार नाही. पण वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने मोबाइलवर बोट फिरवत बसणाऱ्या मुलाला आठवड्यातून चार तास पंधरा जणांत बसायला मिळेल. आपल्या घरची जी कला तो शहरात लपवतो, ती शिकवायला त्याला सांगितले जाईल. विसाव्या वर्षी याची किंमत नोकरीहून फार कमी नसते.

पैशाचे म्हणाल तर गॅदरिंगला मोठ्या आवाजाची यंत्रणा आणि बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणायला कॉलेजांकडे पैसे निघतात. त्यातल्या एका वर्षाच्या खर्चात दोन पेट्या, तबल्याची एक जोडी, एक पखवाज, एक ढोलकी आणि दहा जोड टाळ येतील, आणि नीट वापरले तर कित्येक वर्षे टिकतील. एखादी रिकामी खोली आणि एक सतरंजी कुठल्या कॉलेजात नाही?

पालकांनीही एक करावे. प्रवेशाच्या वेळी आपण कॉलेजात प्रयोगशाळा आहे का, ग्रंथालय कसे आहे, बस थांबते का, हे विचारतो. त्यात आणखी एक प्रश्न घालावा: इथे गाण्याचा तास कोणत्या दिवशी असतो? चार घरांतून हा प्रश्न आला की प्राचार्य वेळापत्रक पुन्हा एकदा हातात घेतील.